तुंब्यातले वंगण

नाव म्हटली की आपल्याला पाणी आठवते. वल्ही, शीड, सुकाणू, नांगर डोळ्यांपुढे येतात. परंतु समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर ठेवलेली नाव आपल्या आयुष्यातील बराचसा प्रवास जमिनीवरूनच करते. ती चाकांवर बसून पाण्यापर्यंत जाते आणि चाकांवर बसूनच परत येते. नावेच्या डौलाविषयी माणसे भरभरून बोलतात. तिला वाहून नेणाऱ्या गाड्याविषयी कोणी सहसा बोलत नाही. आणि त्या गाड्याच्या चाकाच्या पोटात, अंधारात, ग्रीसमध्ये माखून जे पोलादी रूळ फिरत असतात त्यांची आठवण तर चाक निखळल्यावरच होते. त्या न दिसणाऱ्या जागेविषयी मला येथे काही लिहावयाचे आहे.

मुळशी तालुक्यात पाण्याला तोटा नाही. मुळा नदीवरचे मुळशी धरण, मुठेवरचे टेमघर, मोसे नदीवरचे वरसगाव अशी मोठी धरणे या डोंगरांत आहेत. पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आम्हा आठ-दहा जणांनी मिळून फायबरची एक लहानशी नाव घेतली, त्याला आता बरीच वर्षे झाली. माझे बालपण वसईच्या कोळीवाड्यात गेले. त्यामुळे नावेची जबाबदारी माझ्याकडे यावी हे ओघानेच आले; आणि मी पेशाने यंत्रांची दुरुस्ती करणारा, म्हणून तिच्या गाड्याची जबाबदारीही माझ्याकडेच आली. गाड्याचा सांगाडा स्थानिक कारागिराने लोखंडी चॅनेल जोडून तयार केला आहे. हब आणि ब्रेक ड्रम जुन्या जीपच्या मापाचे आहेत. दोन चाके, एक आस, पुढे गाडीच्या हुकाला अडकणारी दांडी. इतकाच काय तो संसार.

आमच्या कोळीवाड्यात नावेला चाके नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर नावा वर ओढीत, त्या लाकडी ओंडक्यांवरून. मागचा ओंडका मोकळा झाला की तो उचलून पुन्हा पुढे टाकायचा. वीस-पंचवीस माणसे एका सुरात दोर ओढीत असत. नाव वर चढली की तिला झावळ्यांनी शाकारायचे, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटायचे. त्या ओंडक्यांना वंगण लागत नसे. ओली वाळू आणि माणसांचा घाम एवढे पुरेसे होते. मुळशीत आल्यावर मला पहिल्यांदा उमगले की नावेचे चाक ही समुद्राची नव्हे, देशावरची विद्या आहे. आणि ती शिकायची तर बैलगाडीवाल्याकडून शिकावी.

मोटार मेकॅनिक ज्याला ‘हब’ म्हणतो त्याला बैलगाडीच्या सुताराकडे जुना आणि सुंदर शब्द आहे: तुंबा. सगळे आरे ज्यात येऊन रुततात तो चाकाच्या मध्यावरचा लाकडी गोळा म्हणजे तुंबा. बाहेर लोखंडी धाव, तिच्या आत लाकडी पाटे, पाट्यांतून आत आलेले आरे, आणि सर्वांच्या मध्यभागी तुंबा. त्यातून आस जाते. चाक बाहेर पडू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घातलेली असते. पूर्वी गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. लांबच्या वाटेला निघालेला गाडीवान मध्येच थांबून खीळ काढी, चाक जरासे बाहेर ओढी, चिंधी तेलात बुडवून आसाला वंगण लावी आणि पुन्हा वाटेला लागे.

माझ्या मदतीला येणारा एक तरुण मुळशी खोऱ्यातलाच आहे. तो मला काका म्हणतो. त्याचा आजा गाडीवान होता. पहिल्यांदा मी हब खोलून त्याला दाखविले तेव्हा तो म्हणाला, “काका, आजा म्हणायचा, कुरकुरणाऱ्या गाडीचं बैल लवकर म्हातारं होतात.” मी त्याला म्हटले, “अरे, तुझ्या आज्याने मला दहा पुस्तकांचे ज्ञान एका वाक्यात दिले.” यंत्रशास्त्र जिला घर्षण म्हणते तिची किंमत अखेर कोणाच्या तरी जिवाने चुकवावी लागते, हे त्या म्हाताऱ्याने बैलांच्या डोळ्यांत पाहिले होते.

आजच्या हबमध्ये लाकूड नाही, पण रचना तीच आहे. आसाच्या टोकाला निमुळता होत गेलेला पोलादी दांडा असतो. त्यावर दोन बेअरिंगे बसतात. आतले मोठे, बाहेरचे लहान. प्रत्येक बेअरिंगात शंकूच्या आकाराचे बारीक रूळ एका पिंजऱ्यात बसविलेले असतात आणि ते हबमध्ये ठोकून बसविलेल्या पोलादी वाटीवर फिरतात. आतल्या बाजूला रबरी सील असते; तिचे काम ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचे. बाहेरच्या बाजूला खाचांचा नट, तो फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली कॉटर पिन, आणि या सर्वांवर पत्र्याची टोपी. नाव, इंजिन, इंधन आणि गाडा यांचा सगळा भार अखेर रस्त्यावर उतरतो तो या बोटभर रुळांवरून.

मग मालमोटारीच्या चाकापेक्षा नावेच्या गाड्याचे चाक वेगळे का मानायचे? याचे कारण त्याच्या कामात आहे. मालमोटार पाण्यापासून स्वतःला वाचवते. नावेचा गाडा मात्र जाणूनबुजून पाण्यात शिरतो. नाव तरंगू लागेपर्यंत त्याला उताराने मागे मागे नेतात, आणि बहुधा चाके बुडेपर्यंत न्यावेच लागते. आता असे पाहा. गाडा तीन-चार तास धावून आलेला आहे. हब गरम आहे, त्याच्या आतली हवा तापून फुगलेली आहे. हा तापलेला हब एकाएकी गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, पोकळीत ओढ निर्माण होते, आणि सील जराशी जरी झिजलेली असली तरी तिच्या कडेतून पाणी आत शोषले जाते. जोराने नव्हे, हळूच, एक घोट. बाहेरून काहीच कळत नाही. परतीच्या वाटेवर ते पाणी ग्रीसमध्ये घुसळले जाते, ग्रीस ताकासारखे पांढरट होते, आणि गाडा अंगणात महिना-दीड महिना उभा राहिला की रूळ जेथे वाटीला टेकलेले असतात नेमका तेथे गंज धरतो. पुढच्या प्रवासात तो गंज वाळूसारखा पोलाद खातो.

यावर उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. पाण्याकाठी पोचल्यावर थांबायचे. अर्धा तास, हवे तर पाऊण तास. नावेवरच्या दोऱ्या सोडाव्यात, सामान लावावे, चहा घ्यावा. हबवर हात ठेवून तो गार लागेपर्यंत गाडा पाण्यात घालू नये. गाड्याच्या मागच्या दिव्यांची जोडणीही तेव्हाच सोडवावी, म्हणजे तापलेला दिवा पाण्यात फुटत नाही. सगळे जण पाण्याकडे धाव घेत असताना स्वतःला थांबविणे हीच या कामातील सर्वांत कठीण गोष्ट आहे असे माझे मत झाले आहे.

दर हिवाळ्यात आम्ही नाव घेऊन एकदा समुद्रावर जातो. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, कोलाड, रोहे आणि तेथून कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई. एका अंगाला सिंधुसागर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये डोंगराच्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला, आणि पायथ्याशी आपल्या ख्रिस्ती बांधवांची वस्ती. माऊंट कार्मेल मातेचे तेथे मंदिर आहे. त्या वस्तीत आजही पोर्तुगीजपासून घडलेली, मराठीच्या सहवासात वाढलेली एक वेगळी बोली घराघरांत बोलली जाते. त्या मंदिरात मिस्सा ऐकून नाव पाण्यात घालावी, हा आमचा नेम.

या वाटेची खरी परीक्षा ताम्हिणीत होते. ज्या घाटात काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत घडलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. आमच्या पुढे दुसऱ्या एका मंडळींची नाव चालली होती. नाव मोठी, नवी, पांढरीशुभ्र. गाडाही रंगवून चकचकीत केलेला. उतारावर मला त्यांच्या डाव्या चाकातून धुराची बारीक रेघ दिसली. आम्ही भोंगा वाजवला, दिवे दाखवले. पुढच्या चालकाला वाटले आम्हाला वाट हवी आहे. त्याने भल्या मनाने गाडी कडेला घेतली. तेवढ्यात चाक निखळले. आस रस्त्यावर आदळून ठिणग्या उडाल्या, नाव कलली, आणि ते सुटलेले चाक स्वतःच्या गाडीला मागे टाकून, उड्या घेत, उतारावरून एकटेच पुढे धावू लागले.

वळणावर एस. टी.ची वाट पाहत तीन बाया आणि दप्तरे घेतलेल्या दोन मुली उभ्या होत्या. चाक त्यांच्या रोखाने चालले होते. आम्ही काचेआडून नुसते पाहत होतो. ओरडलो असतो तरी ऐकू गेले नसते. त्यांच्यापासून चार-पाच हातांवर ते एका दगडावर उडाले, दिशा बदलून डोंगराच्या कडेवर आपटले आणि गटारात पडून कितीतरी वेळ गरगरत राहिले. थोरल्या मुलीने धाकटीला स्वतःच्या मागे घेतले होते. तिने मला पुढे विचारले ते एवढेच: “ते कुणी सोडलं?” मी तिला काय सांगणार? कोणीच सोडले नव्हते. ते कोणी धरलेच नव्हते.

गाडी बाजूला घेऊन आम्ही त्या मंडळींच्या मदतीला गेलो. आसाचा दांडा तापून निळा झाला होता. बाहेरच्या बेअरिंगाचा पिंजरा तुटून त्याचे तुकडे झाले होते. काही रूळ वाटीत वितळल्यासारखे चिकटले होते, काही दिसेनासे झाले होते. आतल्या बाजूला विटकरी चिखल होता. तो चिखल म्हणजे एके काळचे ग्रीस. मी गाड्याविषयी विचारपूस केली. मंडळी सज्जन होती. नाव समुद्रातून आणली की ते तिला गोड्या पाण्याने धुवीत, मेण लावीत, कापडाने झाकून ठेवीत. गाड्याला दर वर्षी रंग देत. हब मात्र गाडा विकत घेतल्यापासून कोणी खोललेला नव्हता. “आवाज कधी आला नाही हो,” त्यांतील एक गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते खरेच असेल. गाडीत काचा बंद, गाणी लागलेली, आणि चाक मागे वीस फुटांवर. आवाज आला असेल, पोचला नसेल.

आमच्या गाड्याचे हब मी दर वर्षी उपवासकाळात खोलतो. मुद्दाम तो काळ निवडला असे नाही. समुद्राची फेरी तोवर आटोपलेली असते आणि पावसाळा अजून दूर असतो. पण आता त्या दोन गोष्टींची मनात गाठ पडली आहे. चाकाचे नट गाडा जमिनीवर असतानाच किंचित सैल करायचे, मग जॅक लावायचा, खाली भक्कम ठोकळे द्यायचे. केवळ जॅकच्या भरवशावर गाड्याखाली हात घालू नये. टोपी काढायची, कॉटर पिन सरळ करून उपसायची, नट काढायचा, हब पुढे ओढून घ्यायचा. बेअरिंगे डिझेलमध्ये धुवून, पुसून, उजेडात धरून एकेक रूळ पाहायचा. आरशासारखा असेल तर उत्तम. निळसर झाक असेल तर ते तापले होते. खड्डे, ठिपके किंवा करडी रेघ असेल तर बेअरिंग फेकून द्यायचे, आणि त्याच्याबरोबर हबमधली वाटीही बदलायची. कारण ती दोघे एकमेकांबरोबर झिजलेली असतात. जुन्या वाटीत नवे बेअरिंग बसविणे हा बचत नव्हे, उधारी आहे.

मग ग्रीस भरणे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगाची रुंद कड त्यात दाबत दाबत ओढायची. ग्रीस रुळांमधून दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत. वरवर चोपडलेले ग्रीस दिसायला पुष्कळ दिसते आणि कामाला काहीच येत नाही. पाण्यात जाणाऱ्या चाकाला पाण्यात न धुपणारे ग्रीस घ्यावे, आणि नवे भरताना जुने पूर्णपणे पुसून काढावे. दोन जातींची ग्रीस एकत्र आली तर कधी कधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. सील मात्र दर वर्षी नवी. ती सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि बाकी सगळ्यांचे आयुष्य तिच्या ओठावर अवलंबून आहे.

शेवटी नट घट्ट करणे, आणि यातच खरी कसोटी आहे. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करायचा. मग केवळ बोटांनी जेवढा घट्ट होईल तेवढाच करायचा आणि जवळच्या खाचेत पिन घालायची. फार आवळला तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिला तर चाक डोलते आणि रूळ आपटून फुटतात. चाक वरून आणि खालून धरून हलवले तर जेमतेम जाणवेल इतकाच प्ले असावा. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की प्रभू येशूने सुतारकाम करताना नांगर आणि जू घडविले. बैलाच्या मानेला काचणार नाही आणि ढळणारही नाही असे जू घडविणाऱ्या हातांना हे माप नक्की ठाऊक असणार. आपले जू सोयीचे आहे, असे जेव्हा त्याने श्रमलेल्यांना सांगितले, तेव्हा तो कारागीर या नात्यानेही बोलत असावा असे मला हा नट आवळताना दर वर्षी वाटते.

ब्रेकची गोष्ट थोडी निराळी आहे. आमच्या गाड्याला ब्रेक लावणारा पाय नाही. पुढची गाडी मंदावली की मागचा गाडा आपल्याच वजनाने पुढे रेटतो. त्या रेट्याने दांडीतला दट्ट्या आत जातो, तेलावर दाब येतो आणि ड्रममधले शू पसरून ड्रमला घासतात. म्हणजे जेवढा गाड्याचा हट्ट, तेवढाच त्याचा लगाम. ही युक्ती सपाटीवर उत्तम चालते. लांब घाटात मात्र गाडा सतत रेटत राहतो, शू सतत घासत राहतात, आणि ड्रम इतका तापतो की लायनरची पकडच सुटू लागते. म्हणून जुने चालक सांगत आले आहेत: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिनाने गाडीला धरून ठेवले की ब्रेकला विसावा मिळतो.

ड्रमच्या पोटात शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. खारे असेल तर ते स्प्रिंगा खाते, पिस्टन जखडते. म्हणून समुद्रातून वर आल्यावर त्याच दिवशी चाके, ड्रम, सांगाडा गोड्या पाण्याने धुवावा लागतो, आणि रस्त्याला लागताना पहिल्या काही अंतरात हळू वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून शू कोरडे करावे लागतात. गाडा घरी उभा करताना हातब्रेक ओढून ठेवू नये. ओले शू ड्रमला चिकटून बसतात. चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत आणि ब्रेक मोकळा सोडावा. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी तेही बदलावे. आणि ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी फुंकर मारून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसात गेले की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. गॅरेजमध्ये हवेच्या नळीने ती उडविणारी कोवळी मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणी सांगितलेले नसते.

परतीच्या वाटेवर कोलाडजवळ आम्ही थांबतो. कुंडलिकेतून बादल्या भरून आणतो आणि नदीपासून दूर, रस्त्याच्या कडेला, चाके पुन्हा एकदा धुतो. पहिल्यांदा हे करताना माझ्या तरुण साथीदाराने बादली खाली ठेवली आणि म्हणाला, “काका, हे पाणी आमचंच हाय.” तो खरे बोलत होता. मुळशीचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, जनित्रे फिरविते आणि मग कुंडलिकेला मिळते. १९२७ पासून हे चालले आहे. आम्ही घाटाच्या वळणांनी नाव खाली आणतो. पाणी आमच्या आधी पोचलेले असते.

“आमचंच” या शब्दात आणखीही काही होते. टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले, त्यांनी तुरुंगवास सोसला. तीन-साडेतीन वर्षे झगडा चालला. धरण झालेच, आणि भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली. मुंबईच्या गिरण्या आणि दिवे त्या विजेवर चालले. या मुलाच्या पूर्वजांची जमीन त्यांत होती. शंभर वर्षे उलटली. झगमगाट सर्वांनी पाहिला. ज्यांच्यावर तो तोलला होता ते तळाशी राहिले. तुंबा दिसत नाही, हा त्याचा दोष नव्हे. पण दिसत नाही म्हणून त्याची निगा राखायची नाही, हा मात्र गाडी वापरणाऱ्यांचा दोष आहे. समाजालाही हे लागू पडते. आपल्या धर्मग्रामात पहाटे चर्चची दारे उघडणारा माणूस, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी शेजारीण, घरात सर्वांच्या शेवटी जेवणारी आई. यांच्यापैकी कोणाचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो? काचा बंद असतात.

निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात फारोच्या सैन्याची कथा आहे. सहाशे निवडक रथ, घोडे, स्वार, सगळा थाट होता. समुद्राच्या तळावर त्यांचा सर्वनाश होण्याआधी एक लहानशी गोष्ट घडली: रथांची चाके अडली आणि रथ हाकणे जड झाले. लाटा नंतर आल्या. लहानपणी ऐकताना मला लाटाच तेवढ्या दिसत; आता तो चाकांचा उल्लेख वाचून मी थबकतो. मोठे संकट कोसळण्याआधी कोठेतरी एखादे चाक जड झालेले असते.

संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण करायला शिकवले. वर्षातून एकदा मोठी झाडाझडती असावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. चाकालाही तोच नियम आहे. वर्षातून एकदा हब खोलायचा, आणि प्रवासात प्रत्येक थांब्यावर उतरून त्याला हात लावायचा. आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग पाहायची, मग बोटे टेकवायची. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये. आणि डाव्या चाकाची उजव्याशी तुलना करावी. एकटे चाक खोटे बोलू शकते, जोडी सहसा बोलत नाही. याला अर्धे मिनिट लागते. त्या घाटातल्या मंडळींनी विळ्याकडे उतरण्याआधी एकदा उतरून हात लावला असता तर त्यांना सगळे कळले असते.

पावसाळ्यात आमची नाव सहलीला जात नाही. तेव्हा ती वेगळ्या कामासाठी तयार ठेवलेली असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा नावांसाठी माणसे छतांवर बसून होती. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना वाचवायला निघालेली नावच उलटली आणि कित्येकांचे प्राण गेले. नावा कमी आणि माणसे फार, हे त्या दिवसांचे दुःख होते. पुराला नाव पाण्याने पोचत नाही, रस्त्याने पोचते. रात्री, पावसात, खड्ड्यांतून, घाई करीत. त्या वेळी हब खोलून पाहायला कोणाला सवड नसते. छतावरच्या माणसाचे भवितव्य मार्चमधल्या एखाद्या दुपारी, कोणाच्या तरी तळहातावरच्या ग्रीसच्या गोळ्यात ठरलेले असते, आणि ते त्याला कधीही कळणार नसते.

यंदा दोन्ही हब माझ्या तरुण साथीदाराने एकट्याने खोलले आणि भरले. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. उजव्या चाकाचे आतले बेअरिंग त्याने बराच वेळ उन्हात धरले, फिरवले, आणि माझ्यापुढे आणले. एका रुळावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होता. “काका, हे अजून एक वर्ष चालंल का?” त्याने विचारले. मी म्हटले, “चालेल कदाचित. तूच सांग, बसवायचे का?” त्याने क्षणभर घाटाच्या दिशेने पाहिले. मग ते बेअरिंग भंगाराच्या डब्यात टाकून, नवे आणायला तो पौडला निघून गेला.